चौदा नंबरची दर्शनी भिंत

दर्शनी भिंतीत, पहिल्या मजल्यावरच्या डाव्या खिडकीखाली, एक वीट नाही. तिच्या जागी भोक आहे: रुंदी एकशे दोन मिलिमीटर, उंची त्रेसष्ट, खोली एकशे एकोणपन्नास. रुंदी आणि उंची बरोबर आहेत. खोली बरोबर नाही.

त्या घराची वीट दोनशे पंधरा मिलिमीटर लांब आहे. ती भिंतीच्या रेषेत बसवली की तिची लांब बाजू रस्त्यावरून दिसते. आत खुपसून बसवली की फक्त टोक दिसतं. पडलेल्या विटेची जागा टोकाएवढी होती, म्हणजे ती आत गेलेली असणार आणि भोक दोनशे पंधरा खोल असायला हवं. तिथे अर्धीच वीट बसवली असेल तर एकशे दोन. एकशे एकोणपन्नास या दोन्हींत बसत नव्हतं.

अकरा दिवस हा आकडा माझ्या वहीत होता आणि मी तो कुणाला सांगितला नव्हता.

ते घर इंग्लंडमधल्या एका जुन्या बाजारपेठेच्या गावात आहे. मी अमरावतीत, बडनेरा रोडवरच्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर बसते. खाली टायरचं दुकान आहे. आमच्या ऑफिसात आठ माणसं. तिकडचे लोक घरात आणि रस्त्यावर लेझरचं यंत्र फिरवतात. यंत्र चहूकडे किरण फेकतं आणि किरण जिथे आपटेल तिथला एक ठिपका नोंदवतं. एका घराचे वीस-पंचवीस कोटी ठिपके आमच्याकडे येतात आणि त्यांवरून आम्ही नकाशे काढतो. त्या नकाशांवरून तिकडे दुरुस्तीची कामं होतात. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. मोजमापातली चूक किती आणि कुठून येते, एवढंच ज्ञान मी या कामात घेऊन आले होते. विटा मात्र घरच्या होत्या. माझे वडील, इनायतुल्ला मिस्त्री, बार्शीटाकळीत चाळीस वर्षं गवंडीकाम करत होते. पण मी स्वतः थापी कधी हातात धरलेली नाही.

चौदा नंबरचं घर सव्वादोनशे वर्षांहून जुनं आहे. तळघर, त्यावर तीन मजले, रस्त्याकडची रुंदी जेमतेम पावणेसहा मीटर. दोन्ही बाजूंना तशीच घरं खेटून उभी आहेत. दारावर अर्धवर्तुळाची काच आहे, तिच्यात लाकडाच्या पट्ट्या पंख्यासारख्या पसरलेल्या. पाहुण्यांना पहिल्या मजल्यावर बसवत, म्हणून तिथल्या खिडक्या सगळ्यांत उंच. दुसऱ्या मजल्यावर मुलं आणि नोकर झोपत, तिथल्या जवळजवळ निम्म्या. खिडक्यांच्या माथ्यावर घासून पाचरीसारख्या केलेल्या विटांच्या कमानी आहेत. त्यांचे सांधे इतके बारीक, की पोस्टकार्डही जाणार नाही. छप्पर दिसू नये म्हणून वर कठडा उचललेला. आणि संपूर्ण भिंतभर प्रत्येक थरात एक लांब वीट, एक टोक, एक लांब, एक टोक. खालच्या थरातल्या लांब विटेच्या बरोबर मध्यावर वरच्या थरातलं टोक.

मला हे घर आवडलं होतं. हे सांगायला हवं, कारण चूक त्यातूनच झाली.

नकाशा काढताना मी दर्शनी भिंतीची जाडी तिन्ही मजल्यांवर मोजली. तळमजल्यावर तीनशे बावन्न मिलिमीटर, पहिल्या मजल्यावर तीनशे नव्व्याण्णव, दुसऱ्यावर तीनशे पन्नास. मधला आकडा खटकला. मी असं धरलं, की रस्ता अरुंद आहे, यंत्र खालून वर तिरकं बघतं आणि तिरक्या किरणात चूक शिरते. हे कारण टिकणारं नव्हतं. तिरकेपणा वर जावं तसा वाढतो. मग दुसऱ्या मजल्यावर चूक आणखी मोठी हवी होती आणि तिथे ती नव्हतीच. एरवी एखाद्या विद्यार्थ्याने मला असं कारण दिलं असतं तर मी त्याची वही परत केली असती. पण एवढ्या नेटक्या घराची भिंत वाकडी असेल असं मला वाटलं नाही. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये भिंत म्हणजे एक ठोकळा असतो. जाडी ते एकदाच विचारतं. मी तीनशे बावन्न टाकले, आणि भिंत पायापासून कठड्यापर्यंत सरळ उभी राहिली.

नकाशा गेला. तिकडच्या सर्वेक्षक बाई, हेलन, यांनी मेलमध्ये लिहिलं की इतका स्वच्छ नकाशा त्यांना बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता. आमच्या ऑफिसचा मालक नितेश याने तो मेल छापून पाण्याच्या फिल्टरजवळ चिकटवला.

दहा दिवसांनी त्याच घराच्या खिडक्यांच्या चौकटी काढताना मला ते भोक दिसलं. एकशे एकोणपन्नासातून अर्ध्या विटेचे एकशे दोन गेले की सत्तेचाळीस उरतात. तीनशे नव्व्याण्णवमधून तीनशे बावन्न गेले की सत्तेचाळीसच. दोन वेगळ्या मोजमापांतून एकच आकडा आला, की तो सहसा योगायोग नसतो. बाहेरची अर्ध्या विटेची भिंत आतल्या भिंतीपासून सुटून रस्त्याकडे आली होती, आणि मध्ये सत्तेचाळीस मिलिमीटरची पोकळी होती.

तरी मी गप्प बसले. भोक एकच आहे, एका भोकावरून काही सिद्ध होत नाही, असं मी स्वतःला सांगत होते. आणखी एक भोक शोधण्यात मी पाच संध्याकाळी घालवल्या. सापडलं नाही. शिवाय ऑफिसात माझं नाव ‘आठ मिलिमीटर’ होतं. शेजारच्या टेबलावरच्या वर्षालीचा एक जिना मी आठ मिलिमीटरसाठी परत पाठवला होता, तेव्हापासून. ती बडनेऱ्याची, रेल्वेवाल्यांची मुलगी. तिची जीभ वेळेआधी सुटते.

“आठ मिलिमीटर, डबा खायचा का?” ती रोज विचारायची. मला ते नाव मनातून आवडत होतं, हेही खरं.

शुक्रवारी हेलनचा मेल आला. बुधवारी चौदा नंबरच्या समोर परांची उभी राहणार होती. भिंतीचे सगळे सांधे खरवडून चुन्याने नव्याने भरायचे होते. परांची हलू नये म्हणून तिचे लोखंडी आकडे दर्शनी भिंतीत बसवणार होते, दर दोन मीटरला एक, शंभर मिलिमीटर खोल. जागा माझ्याच नकाशावर लाल ठिपक्यांनी दाखवल्या होत्या. त्यांतले चार पहिल्या मजल्यावर होते.

शंभर मिलिमीटर म्हणजे लोखंडी आकडा फक्त बाहेरच्या सुटलेल्या कातडीत जाणार होता. परांचीने भिंतीला धरायचं असतं. इथे उलट, परांची ती भिंत ओढणार होती.

मी वही घेऊन नितेशच्या केबिनमध्ये गेले. नितेश तेल्हाऱ्याचा. घरची कपाशी भावावर सोपवून त्याने हे ऑफिस उभं केलं आहे. माणूस वाईट नाही. कुणाच्या घरी दुखणं असलं तर रजा मागावी लागत नाही. त्याने आकडे नीट ऐकले. वजाबाकी स्वतः करून पाहिली.

“दर्शनी भिंतीला टॉलरन्स किती दिला आपण करारात? किती मिलिमीटर चूक चालते?” त्याने विचारलं.

“पन्नास.”

“आणि तुमचा आकडा?”

“सत्तेचाळीस.”

“मग पास झालो ना मॅडम आपण! काठावर झालो, पण झालो.”

मी वही उघडीच धरून उभी राहिले.

“बरं, बसा,” तो म्हणाला. “समजा, आपण सांगितलं. पहिला प्रश्न काय येईल? त्याच रस्त्यावरची बाकीची अकरा घरं कशी काढली. कशी काढली?”

“तशीच. एकच जाडी टाकून.”

“तशीच. म्हणजे अकरा घरं पुन्हा काढा. ते होईल, रात्रंदिवस बसू. पण उरलेला रस्ता? तीस घरं आहेत त्याच्यात. पुढच्या महिन्यात ठरणार आहे. ते म्हणतील, यांना भिंत सरळ हाय का वाकडी हेच कळत नाही, आणि देतील दुसऱ्याले. आठ माणसं हावोत आपण इथं.” चिडला की त्याच्या बोलण्यात तेल्हारा येतो. मग तो सावरला. “मी सांगू नका म्हणत नाही. मी विचारतो, खात्री आहे का? शंभर टक्के?”

“इतक्या चांगल्या घरात अर्धी वीट का वापरतील, ते मला कळलेलं नाही,” मी म्हणाले. “आणि भोक एकच आहे.”

“मग खात्री करा. सोमवारी दोन वाजता हेलनचा कॉल आहेच. तोपर्यंत बघू.”

मी वही मिटली. मला खात्री नाही, हे खरं होतं. ते सोयीचंही होतं.

शनिवारी सकाळी मी बडनेऱ्याहून गाडी धरली आणि अकोल्याहून एस.टी.ने घरी गेले. आमच्या घरात उर्दू बोलतात. पण विटा, चुना, सळया यांच्याबद्दल अब्बा वऱ्हाडीतच बोलतात. ते काम ते त्याच भाषेत शिकले. गुडघ्यांमुळे दोन वर्षांपासून त्यांनी काम बंद केलं आहे. जेवण झाल्यावर मी लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला आणि घराचा फोटो मोठा केला. काही विचारलं नाही.

त्यांनी चष्मा पुसला आणि बराच वेळ पाहिलं.

“वीट झकास हाये,” ते म्हणाले. “भट्टीच्या मधातली. एकसारखी भाजली. आन मिस्त्री त्याहून झकास. कोनाचं घर हे?”

“माहीत नाही. इंग्लंडचं आहे. आम्ही नकाशा काढतोय.”

“तू काढून राहिली? मंग सरळ काढजो.”

आतून माझी अम्मी, कुलसुमबी, म्हणाली, “उसकू सीधा-टेढ़ा तुम सिखाते? बचपन में रोटी भी नाप के खाती थी वो.”

मी जाडीचे तीन आकडे कागदावर लिहून दिले, खालून वर. तीनशे बावन्न, तीनशे नव्व्याण्णव, तीनशे पन्नास. अब्बांना मिलिमीटर कळतात, पण त्यांनी बोटांवर मोजून घेतले. मधल्या आकड्यावर बोट ठेवून ते माझ्याकडे पाहायला लागले.

“हे कोनं लिवलं?”

“मी मोजलं.”

“भिंत वर जाताना कधी जाड होते का, बेटा? बारीक होते, नाई तं तेवढीच राहते. जाड होत नाई.” त्यांनी कागद परत दिला. “पोट काढलं तिनं.”

मला एम.एस्सी. असून दहा दिवस लागले होते. त्यांना एक मिनिटही लागलं नाही.

मग मी भोक दाखवलं आणि खोली सांगितली. अर्धी वीट आणि मागे पोकळी, हेही सांगितलं. “पण अब्बा, अर्धी वीट का? घर तर पैसेवाल्याचं आहे. टोक दिसणाऱ्या सगळ्या विटा आत जायला हव्यात. नाहीतर पुढची भिंत मागच्या भिंतीला धरणार कशी?”

ते उठले आणि मागच्या अंगणात गेले. पाण्याच्या टाकीजवळ न्हाणीघराच्या उरलेल्या विटा रचलेल्या होत्या, आणि फरशीचे तुकडे.

“बस तिथं. मले उचलून दे,” ते म्हणाले.

त्यांनी दोन रांगा लावायला घेतल्या, एकीच्या मागे एक. पुढच्या रांगेत वीट सरळ विटेवर. मागच्या रांगेत प्रत्येक विटेवर आधी फरशीचा एक तुकडा, मग पुढची वीट.

“समोरची वीट महाग,” ते रचता रचता बोलत होते. “तिले चांगला मिस्त्री. तो सांधा ठेवते कागदावानी. मांगं कोन पायते? मांगं भट्टीच्या बाजूची कच्ची-पक्की वीट, दुसरा मिस्त्री, सांधा बोटभर. आता पाय.”

तिसऱ्या थराला मागची रांग पुढचीपेक्षा दोन बोटं वर आली होती. पाचव्या थराला अर्ध्या विटेच्या वर. पुढचीतून आत वीट खुपसायची म्हटली तर समोर मागच्या विटेचं पोट आडवं येत होतं.

“कशी घालशील आत?” त्यांनी विचारलं.

“नाही जाणार.”

“नाई जात. पन समोरून तं टोक दिसलं पायजे. मालकाले तसंच पायजे. मंग काय करते तो? वीट फोडते. एकीचे दोन टोकं होते. लावून देते.” त्यांनी थापीच्या कडेने एक वीट मधोमध फोडली, दोन्ही तुकडे समोरून अगदी अखंड विटेच्या टोकासारखे दिसत होते. मग त्यांनी आणखी दोन थर चढवले. मागच्या सातव्या थराला दोन्ही रांगा जवळजवळ एका पातळीत आल्या. पुढच्या रांगेत तोवर आठ विटा झाल्या होत्या. “हे पाय. इथं आता एक वीट आत जाईन. मधातल्या साऱ्या खोट्या.”

म्हणजे पुढच्या भिंतीच्या आठ थरांत एकच थर मागच्या भिंतीला धरून होता. चौदा नंबरच्या विटा आणि सांधे मी मग त्याच कागदावर मांडले: पुढे त्रेसष्ट आणि चार, सदुसष्ट, मागे, भोकातून दिसणाऱ्या कडेवरून, सुमारे सत्याहत्तर. पुढचे सात थर चारशे एकोणसत्तर, मागचे सहा चारशे बासष्ट. तिथे सात मिलिमीटरच्या फरकाने जुळणी होत होती. सातात एक. त्या एका थरातल्या विटा दोनशे वर्षांत कधीतरी तुटल्या असतील, तर मजल्याएवढी भिंत नुसती उभी होती.

खात्री झाली होती. आता ‘खात्री नाही’ असं म्हणता येणार नव्हतं.

“तुम्हाला कसं माहीत?” मी विचारलं. “आपल्याकडे कुठे अशी घरं आहेत?”

“घरं नाईत. अकोल्याले एका डॉक्टरच्या गेटचे खांब केले होते, उघड्या विटेचे. तवा फोडल्या मी बी.” ते टाकीला टेकून खाली बसले. गुडघा दोन्ही हातांनी सरळ केला. “लबाडी साऱ्याइनच केली. आमची गिलाव्याखाली रायते, एवढंच.”

मी त्यांच्यासमोर विटेवर बसले.

“तेल्हाऱ्याले एका मास्तरचं घर बांधलं होतं. तू नव्हती तवा. दक्षिणची भिंत ओळंब्यातून दोन बोटं गेली. मायाच हातून. सकाळी ओळंब्याची दोरी सोडली तवा समजलं. दहा थर उतरवा लागत होते. मास्तर ऐकून घेनारा माणूस होता, पन मी नवा मिस्त्री. मनलं, गिलाव्यात काढू. वरतं बोटभर, खालतं तीन बोटं गिलावा. अशी सरळ दिसे, की मास्तर लोकाइले बोलावून दाखवे. हात फिरवा मने, आरसा हाये.”

“पडली?”

“पडली असती तं बरं झालं असतं का?” ते जरा हसले. “नाई पडली. हाये अजून. म्हनूनच सांगता नाई आलं. भिंत उभी हाये, मंग काय सांगता? आज सांगू, उद्या सांगू. मास्तर गेला. पोरं पुन्याले. आता कोनाले सांगू? त्या रोडनं गेलो का मान वळते, बस.”

अम्मी मागच्या दारात येऊन उभी राहिली. अंगणात मांडीएवढी दुहेरी भिंत पाहून म्हणाली, “घुटने दुखते बोले थे ना? अब ये कौन गिराएगा?”

“तुई पोरगी पाडीन,” अब्बा म्हणाले. “तिनंच बांधाले लावली.”

मी विटा परत टाकीजवळ रचून ठेवल्या. फोडलेल्या विटेचे दोन अर्धे तुकडे मात्र पिशवीत घातले. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

रविवारी संध्याकाळी ते मला एस.टी.पर्यंत सोडायला आले. सावकाश चालत होतो. परांचीबद्दल आणि हेलनबद्दल मी त्यांना रात्री सांगितलं होतं. वाटेत त्यांनी एकदम विचारलं, “मचान कधी लागते तिथं?”

“बुधवारी.”

“त्याच्यावर कोन चढते? तुई ते मॅडम?”

“नाही. गवंडी चढणार.”

“हं,” ते म्हणाले. एस.टी. आल्यावर पिशवी हातात घेऊन त्यांनी तिचं वजन पाहिलं. “विटा घेऊन चालली?” असं म्हणून त्यांनी ती खिडकीतून आत दिली.

सोमवारी दुपारी मी डबा उघडला नाही. वर्षालीने दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा तिने माझी वही ओढून घेतली, कारण मी ती उघडी ठेवली होती. खरं तर तिने ती पाहावी म्हणूनच ठेवली होती.

तिला वाचायला वेळ लागला. “सत्तेचाळीस?” ती म्हणाली. “तुझे?”

“माझे.”

“आणि माझे आठ?”

“हो.”

तिच्या तोंडावर आधी हसू आलं. ते तिने आवरलं नाही, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही. मग तिने लाल ठिपक्यांचा नकाशा पाहिला आणि हसू गेलं. “इथे परांचीचे आकडे बसवणार?”

“परवा.”

“नितेश सरांना माहीत आहे?”

“शुक्रवारपासून. मला त्याच्या अकरा दिवस आधीपासून. आज चौदावा.”

वर्षालीने वही माझ्यासमोर सरकवली. “माझ्या जिन्याच्या वेळी तू एका तासात मेल टाकला होतास, सगळ्यांना कॉपी करून,” ती म्हणाली आणि डबा घेऊन खिडकीपाशी गेली.

दोनला पाच कमी असताना मी नितेशच्या केबिनमध्ये गेले. पिशवीतले दोन तुकडे त्याच्या टेबलावर ठेवले, दर्शनी बाजू त्याच्याकडे करून.

“हे काय?”

“अखंड विटा आहेत असं वाटतं ना?”

त्याने एक उचलला, उलटा केला. तुटलेली बाजू अंगठ्याने चाचपली. त्याचा अंगठा लाल झाला. मी त्याला अंगणातली रचना, सदुसष्ट आणि सत्याहत्तर, सातात एक, हे सगळं चार वाक्यांत सांगितलं. त्याने तुकडा खाली ठेवला नाही. शेवटी एवढंच म्हणाला, “म्हणजे खात्री झाली.”

“झाली.”

“पन्नासच्या आत आहे, मॅडम. आपल्याला कोणी काही म्हणू शकत नाही.” हे तो मला सांगत होता की स्वतःला, ते कळलं नाही.

“हो,” मी म्हणाले. “कोणीच म्हणणार नाही.”

स्क्रीनवर हेलन आल्या. मागे त्यांच्या ऑफिसची खिडकी, बाहेर ढगाळ सकाळ. नेहमीप्रमाणे नितेशने आठवड्याचा आढावा दिला: कोणती पानं गेली, कोणती बाकी आहेत. त्याचा आवाज नेहमीपेक्षा सपाट होता. तुकडा अजून त्याच्या डाव्या हातात होता. टेबलाखाली तो त्याला फिरवत होता. हेलन यांनी उरलेल्या तीस घरांची यादी पुढच्या आठवड्यात पाठवते म्हणून सांगितलं. चौदा नंबरचं सामान उद्याच रस्त्यावर येऊन पडेल, परवा सकाळी सातला माणसं चढतील, हवामानही बरं आहे, असंही म्हणाल्या.

मग दर सोमवारी विचारतात तो शेवटचा प्रश्न त्यांनी विचारला. तुमच्याकडून आणखी काही?

दर सोमवारी नितेश म्हणतो, काही नाही, आभार. या वेळी तो बोलला नाही. त्याचा उजवा हात माउसवर होता. मला म्यूट करणं एका बोटाचं काम होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. हात माउसवरून उचलला आणि टेबलावर पालथा ठेवला.

मी खुर्ची पुढे ओढली.

“एक आहे, हेलन,” मी म्हणाले. “चौदा नंबरची दर्शनी भिंत सरळ नाही. पहिल्या मजल्यावर ती सत्तेचाळीस मिलिमीटर सुटून रस्त्याकडे आलेली आहे, आणि मी ती सरळ काढली. परांचीचे लोखंडी आकडे तिच्यात टिकणार नाहीत. परवा तिथे कुणाला चढवू नका.”